ब्राउझरमधल्या कुकीज: काय ठेवायचं, काय अडवायचं

सर्व्हरखोली (धागालेखक)

"रोज रात्री सगळ्या कुकीज पुसून टाका" हा सल्ला सध्या सोसायटीच्या ग्रुपपासून ज्येष्ठ नागरिकांच्या शिबिरापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण सगळं पुसल्याने माग काढणाऱ्या जाहिरात कंपन्यांचं फारसं अडत नाही, आणि आपल्या मागे मात्र प्रत्येक साइटवर नव्याने लॉगिन करायची, ओटीपी मागवायची, भाषा पुन्हा मराठी करायची कटकट लागते. पुसत बसण्यापेक्षा निवडून अडवणं जास्त कामाचं. ते कसं करायचं हे एका जागी असावं म्हणून हा धागा.

थोडं मुळापासून. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपीवर बोलतात, त्याला आधीचं काही आठवत नाही. पान मागितलं, पान मिळालं, विषय संपला. पुढचं पान मागणारी व्यक्ती तीच आहे हे सर्व्हरला कळायला मार्ग नसतो. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली यांनी यावर कुकीचा तोडगा काढला. सर्व्हर उत्तरासोबत 'सेट-कुकी' अशी एक ओळ पाठवतो. तिच्यात एक नाव, एक व्हॅल्यू आणि काही अटी असतात. ब्राउझर ती साठवतो आणि त्या साइटकडे जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक मागणीसोबत परत पाठवतो.

कुकी हा नुसता मजकूर आहे, प्रोग्रॅम नाही, त्यामुळे कुकीतून व्हायरस येत नाही. एका कुकीची मर्यादा साधारण ४०९६ बाइट. आत बहुतेक वेळा फक्त एक लांबलचक क्रमांक असतो, त्यामागची खरी माहिती सर्व्हरवर असते. मुदत दिली नसेल तर ती सेशन कुकी, ब्राउझर बंद केला की जाते. मुदत दिली असेल तर तेवढे दिवस राहते. सर्व्हरने दहा वर्षं लिहिली तरी क्रोम २०२२ पासून ४०० दिवसांच्या पुढे जाऊ देत नाही.

आता मुद्द्याचा फरक. ॲड्रेस बारमध्ये जिचं नाव दिसतं त्या साइटची कुकी ती फर्स्ट-पार्टी. लॉगिन, खरेदीची कार्ट, भाषा, अक्षरांचा आकार हे सगळं तिच्या जिवावर चालतं. पण एका बातमीच्या पानात जाहिरातीचा सर्व्हर, व्हिडिओ, मोजणीची स्क्रिप्ट असे दुसऱ्यांचे तुकडेही असतात. प्रत्येक तुकडा आणताना ब्राउझर त्या दुसऱ्याशी बोलतो, आणि तोही स्वतःची कुकी ठेवू शकतो. ती थर्ड-पार्टी. समजा जाहिरातवाल्याने बातमीच्या पानावर तुम्हाला एक क्रमांक दिला. तासाभराने तुम्ही चपलांच्या दुकानाच्या साइटवर गेलात आणि तिथेही त्याचाच तुकडा असला, तर तोच क्रमांक त्याच्याकडे पुन्हा पोचतो. दोन्ही भेटी एकाच खात्यावर जमा होतात.

म्हणून पहिलं काम हे, कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये: सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग थर्ड-पार्टी कुकीज, आणि तिथे 'ब्लॉक थर्ड-पार्टी कुकीज'. अँड्रॉइडवर हाच पर्याय आवृत्तीनुसार प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत किंवा साइट सेटिंग्जमध्ये सापडतो. दोन मिनिटांचं काम आहे. फर्स्ट-पार्टी कुकीजना हात लावू नका.

काठावरचा

चांगला धागा. पण क्रोम थर्ड-पार्टी कुकीज स्वतःहूनच बंद करणार होतं ना? मग हे हाताने कशाला?

सर्व्हरखोली

करणार होतं, केलं नाही. जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत बंद करू असं गूगलने जाहीर केलं, मग मुदत पुढे पुढे जात राहिली. जानेवारी २०२४ मध्ये १ टक्का वापरकर्त्यांवर चाचणी सुरू झाली. जुलै २०२४ मध्ये बेत बदलला आणि एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं की वेगळी विचारणा करणार नाही, सेटिंग्जमध्ये आहे तो पर्याय तसाच राहील. म्हणजे साध्या खिडकीत आजही थर्ड-पार्टी कुकीज आपण बंद करेपर्यंत चालू. इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे क्रोमच्या खाजगी खिडकीत, मात्र आपोआप बंद.

सफारीने मार्च २०२० पासूनच त्या पूर्ण अडवल्या आहेत. फायरफॉक्सची पद्धत मला जास्त आवडते. जून २०२२ पासून तिथे प्रत्येक साइटसाठी कुकीजचा डबा वेगळा असतो. जाहिरातवाला कुकी ठेवू शकतो, पण बातमीच्या पानावर ठेवलेली त्याला चपलांच्या दुकानात वाचता येत नाही. अडवण्यापेक्षा वेगळं ठेवल्यामुळे साइट मोडण्याचं प्रमाण कमी राहतं.

मीटरबॉक्स

अडवल्यावर काय मोडतं तेही लिहायला हवं, नाहीतर लोक एकदा अडकले की सगळं पुन्हा चालू करतात.

साधारण अशी लक्षणं दिसतात. एखाद्या साइटच्या आत दुसऱ्या कंपनीचा अभ्यासक्रम, परीक्षा किंवा चॅट चौकटीत उघडतं आणि ती चौकट सारखी लॉगिन मागत राहते. पानाच्या आत बसवलेल्या व्हिडिओला आपण लॉगिन आहोत हे कळत नाही. 'या खात्याने साइन इन करा' ची खिडकी उघडते आणि काही न होता मिटते.

अशा वेळी सरसकट परवानगी देऊ नका. क्रोममध्ये त्याच थर्ड-पार्टी कुकीजच्या पानावर खाली परवानगी दिलेल्या साइट्सची यादी असते. 'ॲड' दाबून फक्त त्या साइटचं नाव घाला. घालायचं ते ॲड्रेस बारमधल्या साइटचं, चौकटीतल्या कंपनीचं नव्हे. इथे बरेच जण उलटं करतात आणि मग परवानगी देऊनही चालत नाही म्हणतात. फायरफॉक्समध्ये ॲड्रेस बारच्या डावीकडे ढालीचं चिन्ह आहे, त्यावरून त्या एका साइटपुरतं संरक्षण बंद करता येतं.

दुकानाचं_मागचं_दार

ऑनलाइन पैसे भरताना एक प्रकार हमखास होतो: ओटीपी टाकला, पैसे कापले गेले, आणि दुकानाच्या साइटवर परत आल्यावर 'कृपया लॉगिन करा' असं पान. लोक ब्राउझरला किंवा बँकेला दोष देतात. यात कुकीची भूमिका असते का?

सर्व्हरखोली

बऱ्याच वेळा असते, आणि चूक दुकानाची साइट बांधणाऱ्याची असते. हा विषय नीट समजून घेण्यासारखा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुकीच्या अटींमध्ये 'सेमसाइट' नावाची एक अट आहे, तिच्या तीन व्हॅल्यू: स्ट्रिक्ट, लॅक्स आणि नन. दुसऱ्या साइटवरून आलेल्या मागणीसोबत कुकी पाठवायची की नाही, हे ती ठरवते. क्रोम ८० पासून, म्हणजे २०२० पासून, ही अट लिहिलीच नसेल तर ब्राउझर लॅक्स धरतो. लॅक्समध्ये साध्या दुव्यावरून आलात तर कुकी जाते, पण दुसऱ्या साइटने फॉर्म पोस्ट करून, म्हणजे सोबत भरलेली माहिती देऊन, पाठवलं तर जात नाही.

बँकेचं ओटीपीचं पान किंवा पेमेंट गेटवे (दुकानासाठी ऑनलाइन पैसे घेणारी मधली सेवा) काम झाल्यावर तुम्हाला पुष्कळदा पोस्टनेच दुकानाकडे परत पाठवतात. त्या मागणीसोबत दुकानाची सेशन कुकी येत नाही. इथे सेशन म्हणजे सर्व्हरवरची तुमच्या लॉगिनची नोंद, आणि सेशन कुकी म्हणजे त्या नोंदीचा क्रमांक असलेली कुकी, मुदत असो वा नसो. दुकानाच्या सर्व्हरला वाटतं की कुणी नवीन आलंय, म्हणून तो नवं सेशन काढतो आणि नवी सेट-कुकी पाठवतो. तिचं नाव तेच असल्यामुळे जुन्या, लॉगिन असलेल्या कुकीवर ती लिहिली जाते. झालं, कार्टही गेली आणि लॉगिनही.

याचा शोध घेणं अवघड जातं, कारण दर वेळी असं होत नाही. अट न लिहिलेली कुकी दोन मिनिटांच्या आतली ताजी असेल तर क्रोम ती पोस्टसोबतही जाऊ देतं. डेव्हलपरने घाईघाईत चाचणी केली की सगळं ठीक चालतं. गिऱ्हाईक कार्ड शोधतं, ओटीपीची वाट पाहतं, दोन मिनिटं उलटतात आणि मग फसतं.

सेमीकोलन

डेव्हलपर मंडळींसाठी पुढचं. बरेच जण सेशन कुकीलाच 'सेमसाइट=नन; सिक्युअर' लावून मोकळे होतात. चालतं, पण दुसऱ्या साइटवरून खोट्या मागण्या पाठवण्याला लॅक्समुळे जो अटकाव होता तो स्वतःच्या हाताने काढून टाकता.

त्यापेक्षा गेटवे जिथे परत येतो तो पत्ता सेशनवर अवलंबूनच ठेवू नका. तिथे सेशन सुरू करायचं नाही, सेट-कुकी पाठवायची नाही. आलेल्या व्यवहार क्रमांकावरून ऑर्डर शोधा, गेटवेची सही तपासा, रक्कम आपल्याकडच्या नोंदीशी जुळवा, आणि ३०३ ने ऑर्डरच्या पानाकडे वळवा. ते वळणं साध्या गेटने होत असल्यामुळे लॅक्स कुकी बरोबर येते आणि गिऱ्हाईक लॉगिनच राहतं. कुकी स्ट्रिक्ट ठेवली असेल तर हे जमणार नाही. गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट जो निरोप पाठवतो त्यावरच ऑर्डर पक्की करा. गिऱ्हाइकाने मधेच टॅब बंद केला तरी पैसे आणि ऑर्डर यांची गाठ सुटत नाही.

आणि सेशन कुकीला 'एचटीटीपीओन्ली' आणि 'सिक्युअर' दोन्ही हवेतच. पहिल्यामुळे पानातल्या स्क्रिप्टला ती वाचता येत नाही, दुसऱ्यामुळे ती फक्त एचटीटीपीएसवरून जाते.

दुकानाचं_मागचं_दार

आता नेमकं कळलं. मग गिऱ्हाइकाने त्या क्षणी काय करायचं?

सेमीकोलन

लगेच दुसऱ्यांदा पैसे भरायचे नाहीत. मागे जायचं बटणही नको. पुन्हा लॉगिन करून 'माझ्या ऑर्डर्स' बघायचं, आणि बँकेचा एसएमएस किंवा खात्याची नोंद पाहून व्यवहार क्रमांक टिपून ठेवायचा. ऑर्डर दिसत नसेल तर तो क्रमांक दुकानाला कळवायचा.

फॉर्म_क्रमांक_सोळा

सेवा केंद्रं आणि सायबर कॅफे चालवणाऱ्यांसाठी एक मुद्दा हवा. एकाच पोर्टलवर दोन अर्जदारांची खाती दोन टॅबमध्ये उघडतात, आणि मग पहिल्याच्या अर्जात दुसऱ्याचं नाव येतं किंवा 'सेशन एक्स्पायर्ड' येतं. हे का होतं?

मीटरबॉक्स

कुकी टॅबची नसते, अख्ख्या ब्राउझर प्रोफाइलची असते, म्हणजे त्या प्रोफाइलमधल्या सगळ्या टॅबांची मिळून एकच. पहिल्या टॅबमध्ये अर्जदार 'अ' चं लॉगिन. दुसऱ्या टॅबमध्ये 'ब' चं लॉगिन केलं की त्याच नावाच्या कुकीत 'ब' चा क्रमांक बसतो. पहिला टॅब पडद्यावर 'अ' चाच दिसत राहतो, पण तिथे 'जतन करा' दाबलं की सर्व्हरकडे 'ब' चा क्रमांक जातो. पोर्टल नीट बांधलेलं असेल तर चूक दाखवून थांबतं, नसेल तर कागदपत्रं भलत्याच्या खात्यात जातात. उत्पन्नाच्या किंवा जातीच्या दाखल्याच्या अर्जात असं झालं तर निस्तरायला आठवडे जातात.

याला इन्कॉग्निटो हा अर्धाच उपाय आहे. एक साधी खिडकी आणि एक इन्कॉग्निटो, अशी दोन खाती वेगळी राहतात. पण इन्कॉग्निटोच्या दोन खिडक्या उघडल्या तर त्या एकमेकींत कुकीज वाटून घेतात. त्यामुळे क्रोम किंवा एजमध्ये वेगवेगळी प्रोफाइल्स बनवा आणि प्रत्येकाला वेगळा रंग द्या. किंवा फायरफॉक्समध्ये मल्टी-अकाउंट कंटेनर्स हे एक्स्टेन्शन घ्या, तिथे प्रत्येक रंगाच्या टॅबच्या कुकीज वेगळ्या असतात.

सर्व्हरखोली

यात भर. परक्या किंवा सामाईक कॉम्प्युटरवर नुसती खिडकी बंद करून उठू नका. क्रोममध्ये 'जिथे सोडलं तिथून सुरू करा' हा पर्याय लावलेला असेल तर सेशन कुकीजही परत येतात आणि पुढचा माणूस तुमच्या खात्यात जातो. लॉगआउट दाबणं महत्त्वाचं, कारण नीट बांधलेल्या साइटवर त्याने सर्व्हरवरचं सेशन मरतं. कुकी पुसल्याने फक्त त्या कॉम्प्युटरवरची प्रत जाते, सर्व्हरवरचं सेशन मुदत संपेपर्यंत जिवंत असतं. केंद्र चालवणाऱ्यांनी प्रोफाइलच्या चिन्हावरून गेस्ट खिडकी उघडून द्यावी. ती बंद केली की सगळं जातं.

वाळवंटातली_बोरी

जर्मनीत राहून मराठी साइट्स वाचणाऱ्यांना प्रश्न पडतो की इथल्या साइट्सवर संमतीची पट्टी सतत येते, भारतातल्या पुष्कळ साइट्सवर येतच नाही. कायद्यात फरक काय?

तिसरा_मजला

युरोपात दोन कायदे एकत्र लागू होतात. ई-प्रायव्हसी निर्देश २००२ चा, त्यात २००९ मध्ये दुरुस्ती झाली. साइट चालायला आवश्यक नसलेली कुकी ठेवण्याआधी संमती हवी, हे त्यातून आलं. संमती कशी असावी ते २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्याने ठरवलं. १ ऑक्टोबर २०१९ च्या, प्लॅनेट४९ या कंपनीच्या खटल्यातल्या निकालात युरोपीय न्यायालयाने स्पष्ट केलं की आधीच खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नाही. पुढे फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केला. कारण एवढंच की 'स्वीकारा' एका क्लिकमध्ये होतं आणि नकाराला अनेक क्लिक लागत होते. हा दंड जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला.

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्यात कुकी हा शब्द नाही, पण कुकीतून ओळख पटणारी माहिती गोळा होत असेल तर ती त्यात येते. संमती मोकळी, नेमकी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी, आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं. आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही की संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावाच लागेल, म्हणजे मराठीत आणि कोकणीतही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, संमतीची कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. मराठीतली सूचना मागायची सवय आपण आत्तापासूनच लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

काठावरचा

पट्टीवर 'नकार' दाबलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात, ते का?

तिसरा_मजला

नकारही एका कुकीतच लिहून ठेवतात. रोज सगळं पुसलंत की तो नकारही पुसला जातो, म्हणून पट्टी रोज येते, आणि दहाव्या दिवशी माणूस कंटाळून 'सगळं स्वीकारा' दाबतो. सरसकट पुसण्याचा हा सगळ्यात मोठा तोटा.

पट्टीत 'पर्याय' उघडलात तर 'लेजिटिमेट इंटरेस्ट' (संमतीऐवजी कंपनीचं रास्त हित हे कारण) नावाचा वेगळा कप्पाही बघा. तिथली बटणं बऱ्याचदा आधीच चालू असतात आणि 'सगळं नाकारा' त्यांना लागू होतंच असं नाही. 'ऑब्जेक्ट ऑल' वेगळं दाबावं लागतं.

सेमीकोलन

एखादी साइट अचानक उघडेनाशी झाली तर आधी फक्त तिच्या कुकीज पुसा. दोन चुका ओळखता आल्या पाहिजेत. 'टू मेनी रिडायरेक्ट्स' आलं तर बहुधा जुनी लॉगिन कुकी आणि नवी व्यवस्था यांचं जुळत नाही, आणि पान दोन पत्त्यांमध्ये फिरत राहतं. '४०० बॅड रिक्वेस्ट, रिक्वेस्ट हेडर ऑर कुकी टू लार्ज' आलं तर त्या साइटच्या कुकीज साठून सर्व्हरच्या मर्यादेबाहेर गेल्यात. ही मर्यादा एन्जिनएक्स किंवा अपाचे या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमी ८ किलोबाइटच्या आसपास असते. एकाच मुख्य डोमेनखाली पाच-सहा विभाग असलेल्या मोठ्या संस्थांच्या साइट्सवर हे जास्त होतं, कारण प्रत्येक विभाग मुख्य डोमेनवर स्वतःची कुकी टाकत जातो.

क्रोममध्ये ॲड्रेस बारच्या डावीकडचं चिन्ह दाबा, 'कुकीज अँड साइट डेटा', मग 'मॅनेज ऑन-डिव्हाइस साइट डेटा', आणि नावासमोरचा कचऱ्याचा डबा. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, 'मॅनेज डेटा', तिथे साइटचं नाव शोधून काढून टाका. आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड, मग वेबसाइट डेटा. त्याच पानावर 'ब्लॉक ऑल कुकीज' आहे, त्याला हात लावू नका, बहुतेक ठिकाणी लॉगिनच होणार नाही.

लक्षात असू द्या, 'कुकीज आणि साइटचा डेटा' पुसताना लोकल स्टोरेज आणि इंडेक्स्डडीबी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये साठवलेली बाकीची माहितीही जाते. व्हॉट्सॲप वेब त्यामुळेच सुटतं आणि पुन्हा क्यूआर स्कॅन करावा लागतो.

वाळवंटातली_बोरी

पासवर्ड मजबूत, ओटीपीही लावलेला, तरी खाती चोरीला जातात असं वाचलं. त्याचा कुकीशी संबंध आहे का?

सर्व्हरखोली

थेट आहे. लॉगिन झाल्यावर मिळणारी सेशन कुकी म्हणजे घराची चावी. ओटीपी फक्त दारात एकदा विचारला जातो, पुढे सगळं चावीवर चालतं. फुकटातलं सॉफ्टवेअर, गेमचे चीट, बनावट पीडीएफ यांतून येणारे माहितीचोर प्रोग्रॅम ब्राउझरच्या फोल्डरमधल्या कुकीज उचलतात. त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर घातल्या की पासवर्ड न विचारता खातं उघडतं. विंडोजवर क्रोम १२७ पासून कुकीजना जास्त कडक कुलूप लावलंय, पण त्यावर विसंबून राहू नये.

शंका आली तर नुसतं पुसून उपयोग नाही, प्रत चोराकडे आहे. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला आणि 'सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट' करा. गूगल खात्यात सिक्युरिटीखाली 'युअर डिव्हायसेस' मध्ये उपकरणांची यादी असते, अनोळखी असेल त्यावरून साइन आउट करा. बाधित कॉम्प्युटर साफ झाल्याशिवाय त्यावर पुन्हा लॉगिन करू नका, नाहीतर नवी चावीही जाईल.

काठावरचा

थर्ड-पार्टी बंद केल्या. आता खरंच अडतात हे पाहायचं कसं?

मीटरबॉक्स

कॉम्प्युटरवर एखादी जाहिरातींनी भरलेली बातमीची साइट उघडा आणि एफ१२ दाबा. क्रोममध्ये वर 'ॲप्लिकेशन' टॅब, डावीकडे 'कुकीज'. फायरफॉक्समध्ये हाच टॅब 'स्टोरेज' नावाने आहे. साइटचं नाव दाबलं की तिच्या कुकीज, मुदत, आकार, सेमसाइट असे रकाने दिसतात. मग क्रोममध्ये 'नेटवर्क' टॅबमध्ये जाऊन पान पुन्हा लोड करा, आणि ज्यांच्या कुकीज अडल्या त्या मागण्या वेगळ्या काढायच्या गाळणीवर, म्हणजे 'ब्लॉक्ड रिस्पॉन्स कुकीज' वर, खूण करा. खाली जी नावं येतील ती बहुतेक तुमच्या सेटिंगने थांबवलेली.

'अंडरस्कोर जीए' (_ga) नावाची कुकी मात्र त्यात दिसणार नाही, ती पहिल्या यादीत राहीलच. गूगल ॲनालिटिक्स या भेटी मोजणाऱ्या सेवेची असली तरी ती साइटच्या स्वतःच्या नावाने ठेवली जाते, त्यामुळे ती फर्स्ट-पार्टी ठरते. तीही नको असेल तर फायरफॉक्समध्ये संरक्षण 'स्ट्रिक्ट' वर न्या किंवा यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन घाला. क्रोममध्ये आता त्याची 'लाइट' आवृत्ती मिळते. ती टाकल्यावर आधीची कुकी एकदा हाताने काढून टाका, नवी बसणार नाही.